फार्मसीनंतरच्या वाटा आणि फार्मासिस्टची सही

औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या माणसाला भारतात काम मिळते ते मुख्यतः दोन कायद्यांच्या आधाराने. एक १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि दुसरा १९४८ चा फार्मसी कायदा. दोन्हींचे मूळ १९३०-३१ मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या औषध चौकशी समितीपर्यंत जाते. बाजारात भेसळीच्या आणि कस नसलेल्या औषधांचा सुळसुळाट होता, औषध देणाऱ्याच्या शिक्षणाची कसलीच अट नव्हती. औषधांवर नियंत्रण हवे आणि ती हाताळायला शिकलेली माणसे हवीत, असे समितीने सांगितले. औषध कोणी बनवायचे, कोणाच्या देखरेखीखाली विकायचे, कोणी तपासायचे हे पुढे या कायद्यांनी आणि त्यांखालच्या नियमांनी ठरवून दिले. म्हणून फार्मसीच्या विद्यार्थ्याने कोणतीही वाट धरण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: या कामात आपली सही कायद्याने लागते का? जिथे ती लागते तिथे पदवीला स्वतःचे वजन असते. जिथे लागत नाही तिथे रसायनशास्त्राचा, जैवतंत्रज्ञानाचा किंवा वाणिज्य शाखेचा पदवीधरही त्याच रांगेत उभा असतो, आणि तिथे निराळ्या तयारीने जावे लागते.

हा फरक विद्यार्थ्याला वेळेवर कोणी सांगत नाही. बारावीनंतर नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून फार्मसीकडे वळलेली मुले बरीच असतात, आणि घरच्यांना या क्षेत्रातले ओळखीचे असे एकच असते, गावातले मेडिकल. ‘काहीच नाही जमलं तर मेडिकल टाकेल’ या हिशेबावर प्रवेश होतो. दुसरीकडे महाविद्यालयांची संख्या फुगत गेली. नव्या महाविद्यालयांवर फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये पाच वर्षांची स्थगिती आणली होती. अशी बंदी नियम करून आणता येते, नुसत्या प्रशासकीय आदेशाने नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ती टिकू दिली नाही. त्यानंतर महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही पदविकेची महाविद्यालये उघडली. यांपैकी अनेक ठिकाणी प्लेसमेंटचा विभाग फलकापुरता असतो. मार्गदर्शनाची सगळ्यात जास्त गरज नेमकी तिथल्या मुलांना असते, कारण त्यांच्या घरात कारखाना, प्रयोगशाळा किंवा औषध प्रशासन पाहिलेले कोणीही नसते.

शिक्षणाची रचना पाहिली की वाटा कशा फुटतात ते कळते. डी.फार्म. ही दोन वर्षांची पदविका मुळात दुकान आणि रुग्णालयासाठी आहे. तिच्यासोबत किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते, आणि त्यातले निम्मे तास डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषध देण्यात जावेत, अशी जुन्या १९९१ च्या शिक्षण नियमांपासूनची अट आहे. बी.फार्म. ही चार वर्षांची पदवी. तिचा कल पहिल्यापासून कारखान्याकडे राहिला, कारण हे शिक्षण ज्यांनी भारतात रुजवले त्या महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनशास्त्रापासूनच सुरुवात केली होती. फार्म.डी. हा २००८ मध्ये आलेला सहा वर्षांचा अभ्यासक्रम, पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. तिघांचीही नोंदणी राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये फार्मासिस्ट म्हणूनच होते. एकाच रजिस्टरमध्ये नाव आले तरी पुढे तिघांना उघडणारी दारे सारखी नसतात.

पदविकाधारकाच्या वाटेवर आता एक नवीन पायरी आली आहे. २०२२ च्या नियमांनी डी.फार्म. नंतर निर्गम परीक्षा आणली. तिला सगळे ‘एक्झिट एक्झाम’ म्हणतात. तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के गुण. वैद्यकीय विज्ञानांच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने ती पहिल्यांदा ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतली. महाराष्ट्रात पदविकेची परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते, आणि ती उत्तीर्ण झाली की लगेच कौन्सिलकडे नोंदणीला जाता येते, अशी जुन्या तुकड्यांची सवय होती. नव्या तुकड्यांना मधली ही परीक्षा लक्षात घेऊनच वर्षाचा हिशेब मांडावा लागतो, कारण नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत फार्मासिस्ट म्हणून कुठेही कायदेशीर काम करता येत नाही.

किरकोळ औषध दुकान हे या पदविकेचे हक्काचे क्षेत्र. औषधे नियम १९४५ मधल्या ६५ व्या नियमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. दुकानाचा परवाना नमुना २० आणि २१ मध्ये मिळतो. जागा किमान १० चौरस मीटर लागते. किरकोळ आणि ठोक दोन्ही एकत्र करायचे असेल तर १५. २०१७ च्या दुरुस्तीपासून परवाना दर पाच वर्षांनी नव्याने घ्यावा लागत नाही, ठरलेले शुल्क भरून तो चालू ठेवता येतो. अनुसूची एचवनमधली प्रतिजैविके, क्षयरोगाची व झोपेची काही औषधे यांची वेगळी वही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. ही वही नीट भरणे हे फार्मासिस्टचेच काम आहे, आणि तपासणीला आलेले औषध निरीक्षक ती आवर्जून पाहतात.

दुकानाचा व्यापारी हिशेब मात्र अभ्यासक्रमात फारसा येत नाही. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के आणि इतर औषधांवर व्यापारी रिवाजाप्रमाणे २० टक्क्यांच्या आसपास मार्जिन मिळते. त्यातून ग्राहकाला द्यायची सूट, मुदत संपलेला माल, उधारी, भाडे आणि विजेचे बिल वजा केल्यावर काय उरते, हे एखाद्या चालत्या दुकानात वर्षभर उभे राहिल्याशिवाय समजत नाही. स्वतःचे दुकान टाकायचे ठरले असले तरी आधी दुसऱ्याकडे नोकरी करावी, असे अनुभवी केमिस्ट सांगतात तेव्हा त्यामागे हा हिशेब असतो. जनऔषधी केंद्र हा त्यातला एक कमी भांडवलाचा पर्याय. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत केंद्रचालकाला विक्रीवरच्या मार्जिनशिवाय मासिक खरेदीच्या २० टक्के, पण महिन्याला कमाल २०,००० रुपये इतके प्रोत्साहन मिळते. केंद्रचालक स्वतः फार्मासिस्ट असला किंवा त्याने फार्मासिस्ट नेमला तरच केंद्र मिळते. जेनेरिक औषध म्हणजे कमअस्सल नव्हे, हे रुग्णाला पटवून सांगण्याची ज्याची तयारी आहे त्याला हे काम जमते.

याच क्षेत्रातली सगळ्यात घातक प्रथा म्हणजे सर्टिफिकेट भाड्याने देणे. फार्मासिस्टचे नाव आणि नोंदणी परवान्यावर, तो स्वतः दुसऱ्या गावी दुसऱ्या नोकरीत, आणि काउंटरवर बारावी पास मुलगा औषधे देतोय, हे चित्र महाराष्ट्रात वर्षानुवर्षे दिसले आहे. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी ‘फार्मासिस्ट हजर नसेल तर विक्री नाही’ हा नियम कडकपणे लावला तेव्हा औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले होते. नुकत्याच पास झालेल्या मुलाला भाड्याचे ते पैसे घरबसल्या मिळालेले वाटतात. पण दुकानात चुकीचे औषध गेले किंवा गुंगीच्या औषधांचा हिशेब जुळला नाही तर नोटीस त्याच्या नावाने येते. शिवाय एकच नोंदणी एका वेळी दोन ठिकाणी दाखवता येत नसल्याने पुढची खरी नोकरीही अडते. आणि यातले मोठे नुकसान सगळ्या व्यवसायाचे आहे. मालकाला सही विकत मिळते तोवर तो माणसाला चांगला पगार देत नाही. दुकानातल्या फार्मासिस्टचे वेतन इतकी वर्षे खाली का राहिले, याचे मोठे कारण या व्यवहारात आहे.

रुग्णालयातली नोकरी पदविका आणि पदवी दोन्हींवर मिळते. सरकारी बाजूला जिल्हा परिषदेची प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालये, महापालिकांची रुग्णालये, राज्य कामगार विमा योजनेची रुग्णालये, रेल्वे, एम्स आणि सैन्यदल इथे फार्मासिस्टची पदे असतात. महाराष्ट्रात या पदाचे सरकारी नाव औषध निर्माण अधिकारी. नाव असे असले तरी तिथे औषध बनवले जात नाही. साठा मागवणे, शीतसाखळी सांभाळणे, मुदत पाहणे, बाह्यरुग्ण विभागात औषधे देणे आणि नोंदी ठेवणे हे काम असते. भरती जाहिरात निघेल तशी होते, कधी वर्षानुवर्षे निघत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालची पदे कंत्राटी असतात, पण पुढच्या भरतीत त्या अनुभवाचा उपयोग होऊ शकतो. नोंदणी चालू नसल्यामुळे कागदपत्र पडताळणीत उमेदवार बाद होणे ही टाळता येण्यासारखी आणि म्हणूनच जास्त वाईट वाटणारी गोष्ट. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांप्रमाणे नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्गांना हजर राहावे लागते, तेव्हा ती प्रमाणपत्रेही जपून ठेवावीत.

पदवीधराच्या डोळ्यांसमोरची सरकारी जागा बहुतेकदा औषध निरीक्षकाची असते. औषधे नियमांतल्या ४९ व्या नियमाप्रमाणे त्यासाठी फार्मसीची पदवी लागते, किंवा औषधशास्त्र अथवा सूक्ष्मजीवशास्त्रातल्या विशेष शिक्षणासह वैद्यकाची. पदविका चालत नाही. महाराष्ट्रात या जागा लोकसेवा आयोग भरतो, केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेसाठी संघ लोकसेवा आयोग. अनुभवाची अट जाहिरातीप्रमाणे बदलू शकते, म्हणून जुन्या जाहिरातीवर विसंबून नोकरी सोडणे किंवा धरणे दोन्ही चुकीचे ठरते. परीक्षेत बी.फार्म. च्या विषयांसोबत कायदे आणि नियम नेमकेपणाने विचारले जातात. ज्याने कारखान्यात काही वर्षे काढली आहेत त्याला नियमांमागची कारणे ठाऊक असतात, आणि तो दुकाने-कारखाने तपासताना अधिक उपयोगी पडतो, हे प्रशासनातल्या कामावरूनही दिसते.

उद्योगाचे क्षेत्र सगळ्यात विस्तीर्ण. मराठी मुलांसाठी त्याचा भूगोल तारापूर-बोईसर, अंबरनाथ, पाताळगंगा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ, नाशिकची सातपूर-अंबड-सिन्नर पट्टी, छत्रपती संभाजीनगरचे वाळूज आणि चिकलठाणा, गोव्यात वेर्णा, आणि शेजारी दमण-वापी-अंकलेश्वर असा पसरलेला आहे. यातल्या महाड, लोटे, कुरकुंभसारख्या ठिकाणी मुख्यतः कच्ची औषधद्रव्ये, म्हणजे ‘बल्क’ तयार होते, आणि तिथे रसायनशास्त्राच्या पदवीधराचा आणि केमिकल इंजिनिअरचा वरचष्मा असतो. गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शने, मलमे तयार करणाऱ्या फॉर्म्युलेशन कारखान्यात फार्मसीच्या पदवीला खरे मोल आहे. लसींकडे जायचे तर पुण्याजवळची १९६६ मध्ये स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट आणि परळची १८९९ पासूनची हाफकिन ही नावे घेतली जातात, पण लसींच्या उत्पादनात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरांशीही स्पर्धा करावी लागते.

कारखान्यातली सही कशी मिळते हे नीट समजून घेण्यासारखे आहे. औषधे नियमांतल्या ७१ व्या नियमाप्रमाणे उत्पादन सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते, आणि फार्मसीच्या पदवीधराला त्यासाठी पदवीनंतर औषध उत्पादनातला किमान १८ महिन्यांचा अनुभव लागतो. कंपनी त्याचे नाव अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवते, मान्यता मिळाली की तो ‘अप्रूव्ह्ड केमिस्ट’ होतो. ही मान्यता औषधप्रकाराप्रमाणे असते: गोळ्यांची वेगळी, इंजेक्शनची वेगळी. नोकरीच्या जाहिरातींत ‘एफडीए अप्रूव्हल असल्यास प्राधान्य’ असे येते ते याचमुळे. विज्ञान शाखेच्या पदवीधरालाही हे दार बंद नाही, पण त्याला त्याच नियमात जास्त वर्षांचा अनुभव मागितला आहे. म्हणजे बी.फार्म. झालेल्या मुलाने पहिले दीड वर्ष उत्पादन विभागात, पाळ्यांमध्ये, ग्रॅन्युलेशनच्या धुळीत आणि कॉम्प्रेशन मशीनच्या आवाजात काढले तर त्याच्या हाती असे काही येते जे नंतर कोणत्याही सर्टिफिकेट कोर्सने येत नाही. अनेक मुले उत्पादन टाळून थेट गुणवत्ता हमी विभागात जातात, आणि मुलींना तर घरचेच तसे सांगतात. रात्रपाळी, राहण्याची सोय, एमआयडीसीतून सुरक्षित ये-जा या मुलींच्या अडचणी खऱ्या आहेत. त्या कंपन्यांनी सोडवायच्या आहेत. त्यांपायी मुलींना उत्पादनातली मान्यता मिळू नये हे बरोबर नाही.

गुणवत्ता नियंत्रणात, म्हणजे क्यूसीमध्ये, नमुन्यांची चाचणी होते. एचपीएलसी यंत्रावर हात बसलेला माणूस तिथे लवकर टिकतो, पण रसायनशास्त्राचे एम.एस्सी. तिथे मोठ्या संख्येने असतात. गुणवत्ता हमी, म्हणजे क्यूए, बॅचच्या नोंदी तपासते, विचलनांची कारणे शोधते, आणि माल बाजारात सोडायचा की नाही हे ठरवते. परदेशी नियामकांच्या तपासण्यांमध्ये मूळ नोंदीत फेरफार झाल्याचे आढळून भारतीय कारखान्यांना इशारापत्रे आली आहेत, तेव्हापासून ‘जे केले ते त्याच क्षणी लिहा, लिहिलेले खोडू नका’ हा धडा पहिल्याच आठवड्यात दिला जातो. सुधारित अनुसूची एम, जी डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने आली, तिने उत्तम उत्पादन पद्धतीचे निकष लहान कारखान्यांनाही कडक केले. २५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कारखान्यांना जास्त मुदत मिळाली, पुढे ती २०२५ अखेरपर्यंत वाढली. कागदपत्रे, प्रमाणीकरण आणि जोखीम व्यवस्थापन जाणणारी माणसे अशा लहान कारखान्यांना आता हवीच आहेत, आणि नावाजलेल्या कंपनीत पहिली संधी न मिळालेल्या मुलाने इकडे पाहायला हरकत नाही. लहान कारखान्यात एकाच माणसाला चार विभागांचे काम पाहावे लागते. थकवा येतो, पण शिकणे जलद होते.

सूत्रविकास म्हणजे एफ अँड डी, नियामक व्यवहार आणि पेटंट या तीन विभागांत बहुतेक जागा एम.फार्म. धारकांना जातात. नियामक व्यवहाराचे काम म्हणजे औषधाची सगळी माहिती ठरलेल्या पाच भागांच्या दस्तऐवजात मांडून त्या त्या देशाच्या नियामकाला देणे आणि त्याच्या शंकांची उत्तरे लिहिणे. हे लिहिण्याचे काम आहे. इंग्रजी वाक्य नेमके लिहिता येत नसेल तर शास्त्र येऊनही माणूस इथे मागे पडतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी पहिल्या वर्षापासून प्रयोगवही स्वतःच्या शब्दांत लिहायची सवय लावली तर ही अडचण चौथ्या वर्षापर्यंत बरीच कमी होते. वरच्या तुकडीची वही उतरवून काढण्याची प्रथा या बाबतीत फार महाग पडते.

एम.आर., म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधी, ही बी.फार्म. धारकांना सगळ्यात सहज मिळणारी नोकरी, पण या कामाला फार्मासिस्टची सही लागत नाही. दिवसाला दहा-बारा डॉक्टरांना भेटणे, केमिस्टकडे जाऊन कोणती चिठ्ठी येते ते पाहणे, महिन्याचे टार्गेट. विज्ञान शाखेचा कोणताही पदवीधर इथे येतो, आणि पहिल्या दोन वर्षांत फार्मसीच्या पदवीचा वेगळा फायदा फारसा दिसत नाही. तो दिसतो तो पुढे, उत्पादन व्यवस्थापन, प्रशिक्षण किंवा वैद्यकीय माहिती विभागाकडे जाताना. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध विपणनाची एकसमान आचारसंहिता आणली, भेटवस्तू आणि सहलींवर बंधने घातली. त्यामुळे औषधाबद्दल शास्त्रशुद्ध बोलू शकणाऱ्या प्रतिनिधीची गरज वाढायला हवी. ज्याला माणसांत वावरायला आवडते, नकार सोसतो आणि दुचाकीवर दिवस काढता येतो त्याने ही वाट कमी लेखू नये. ज्याला हे आवडत नाही त्याने केवळ मित्र गेले म्हणून जाऊ नये.

चिकित्सालयीन संशोधन आणि औषध सुरक्षा हे तुलनेने नवे क्षेत्र मुंबई-पुण्यातल्या मुलांना परिचित आहे. माणसांवरच्या औषध चाचण्या आता २०१९ च्या नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांप्रमाणे होतात, आणि त्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. नोकऱ्या मात्र मुख्यतः जागतिक कंपन्यांसाठी दुष्परिणामांच्या प्रकरणांवर प्रक्रिया करणाऱ्या सेवा कंपन्यांत असतात. काम संगणकासमोरचे, वेळ ठरलेली, पगार नियमित. पण तेच ते काम वर्षानुवर्षे करत राहिल्यास वाढ थांबते, आणि साचेबद्ध नोंदणीचा भाग संगणकाकडे जातो आहे. प्रकरणाचे वैद्यकीय मूल्यमापन आणि संकेतशोधन शिकणारा पुढे सरकतो. याच क्षेत्राभोवती ‘तीन महिन्यांत शंभर टक्के नोकरी’ म्हणत हजारो रुपये घेणाऱ्या वर्गांचे पीक आले आहे. वर्गाने शिकवलेले कितीतरी भाग बी.फार्म. च्या आठव्या सत्रातल्या औषध सुरक्षा या वैकल्पिक विषयात आहेतच. पैसे भरण्याआधी मागच्या तुकडीतल्या चार मुलांना कुठे आणि कोणत्या पदावर नोकरी लागली हे त्या मुलांनाच विचारावे.

पुढे शिकायचे तर जीपॅट ही मुख्य परीक्षा. १२५ प्रश्न, ५०० गुण, तीन तास. २०२४ पासून ती राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडे आली. पात्र विद्यार्थ्याला एम.फार्म. च्या काळात दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते, मात्र घेतलेली संस्था त्या योजनेत बसते का हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावे. मोहाली, अहमदाबाद, हैदराबाद, गुवाहाटी, कोलकाता, हाजीपूर आणि रायबरेली इथल्या नायपर संस्थांची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. राज्यातल्या संस्था पाहायच्या तर मुंबईत रसायन तंत्रज्ञान संस्था आणि कालिन्याचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, पुण्यात पूना कॉलेज, शासकीय महाविद्यालये कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि रत्नागिरीला. गोव्याच्या शासकीय फार्मसी महाविद्यालयाची परंपरा तर पोर्तुगीज काळात, १८४२ पर्यंत मागे जाते. एम.फार्म. ची शाखा निवडताना कोणती रिकामी आहे हे न पाहता कोणत्या विभागात काम करायचे आहे ते पाहावे: फार्मास्युटिक्स सूत्रविकासाकडे नेते, गुणवत्ता हमी क्यूएकडे, औषधशास्त्र चाचण्या आणि संशोधनाकडे. अध्यापनाचा विचार असेल तर पदवी महाविद्यालयात एम.फार्म. शिवाय उभे राहता येत नाही आणि पीएच.डी. शिवाय फार पुढे जाता येत नाही.

फार्म.डी. चा प्रश्न वेगळा आणि थोडा वेदनेचा आहे. सहा वर्षे शिकून हे विद्यार्थी वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरायला, औषधांची परस्परक्रिया ओळखायला, रुग्णाचे समुपदेशन करायला तयार होतात. २०१५ च्या नियमांनी समुपदेशन हे फार्मासिस्टचे काम मानले. पण त्यांच्या सहीवाचून रुग्णालयाचे काम अडेल अशी तरतूद कायद्यात नाही, आणि सरकारी रुग्णालयांत चिकित्सालयीन फार्मासिस्टची पदे अगदी कमी. एनएबीएच या रुग्णालयांच्या दर्जाच्या मान्यतेमागे असलेली मोठी खासगी रुग्णालये त्यांना घेतात, कारण औषध व्यवस्थापनाच्या निकषांसाठी ते लागतात. बाकीचे औषध सुरक्षा आणि चाचण्यांकडे वळतात. अमेरिकेत जायचे असेल तर मात्र हाच अभ्यासक्रम कामी येतो: २००३ नंतर पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला तिथल्या समकक्षता परीक्षेसाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, त्यामुळे चार वर्षांचा भारतीय बी.फार्म. तिथे अपात्र ठरतो. ब्रिटनमध्ये एक वर्षाचा विशेष अभ्यासक्रम, मग वर्षभराचे प्रशिक्षण आणि नोंदणी परीक्षा अशी पद्धत आहे. कॅनडात कागदपत्र मूल्यमापनानंतर टप्प्याटप्प्याच्या परीक्षा आहेत. आखाती देशांसाठी स्थानिक परवाना परीक्षा आणि मूळ प्रमाणपत्रांची पडताळणी लागते, भारतातला कामाचा अनुभवही विचारला जातो. हा अनुभव खऱ्या हजेरीचा आणि कागदोपत्री सिद्ध होणारा असावा लागतो. भाड्याच्या सर्टिफिकेटचा अनुभव इथेच उघडा पडतो.

नोकरी शोधण्याचे काम शेवटच्या सत्राच्या निकालानंतर सुरू करणे म्हणजे वर्षभर मागे राहणे. बी.फार्म. च्या सहाव्या सत्रानंतर चार आठवड्यांत पसरलेल्या १५० तासांच्या औद्योगिक प्रशिक्षणाची तरतूद आहे. सातव्या सत्रात प्रॅक्टिस स्कूल, आठव्यात प्रकल्प आणि दोन वैकल्पिक विषय. हे चारही घटक ज्या विभागात जायचे आहे त्याच्याशी जोडले तर मुलाखतीत सांगायला काहीतरी खरे हातात असते. बरीच मुले प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ओळखीने मिळवतात आणि ते दिवस घरी घालवतात. मुलाखतीत ‘कोटिंग पॅनमध्ये हवेचे तापमान किती ठेवत होते?’ एवढ्या एका प्रश्नात हे कळते.

कॅम्पस मुलाखती मोजक्या महाविद्यालयांत होतात. बाकीच्यांना वॉक-इन हाच मुख्य मार्ग. कंपन्या रविवारी एखाद्या हॉटेलात किंवा कारखान्यातच मुलाखती ठेवतात, विभाग आणि औषधप्रकार जाहिरातीत दिलेला असतो. तिथे गुणपत्रके, नोंदणी प्रमाणपत्र, आधार आणि फोटो घेऊन सकाळी लवकर पोहोचलेल्यांचा नंबर दिवसा उजेडी लागतो. नवशिक्याला प्रश्न सोपे पण थेट असतात: गोळी का फुटते, का चिकटते, विरघळण्याची चाचणी कशासाठी, बॅचच्या नोंदीत काय असते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ खालच्या राष्ट्रीय योजनेत पदवी-पदविकाधारकांना वर्षभर विद्यावेतनावर प्रशिक्षण मिळते. ही योजना पाहणारे पश्चिम विभागाचे शिकाऊ प्रशिक्षण मंडळ मुंबईत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदविकाधारकाला महिना ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरवले होते. अशा प्रशिक्षणाने नोकरीची हमी मिळत नाही, पण ‘अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही’ हा फेरा तुटतो.

मार्गदर्शनाचा सगळ्यात विश्वासार्ह स्रोत म्हणजे आपल्याच महाविद्यालयातून तीन ते पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी. त्याहून जुने माजी विद्यार्थी आता वरच्या पदावर असतात आणि त्यांना प्रवेशपातळीची स्थिती नेमकी माहीत नसते. कोणत्या कारखान्यात शिकवतात, कुठे बस आहे, कुठे पगार वेळेवर होतो, हे या मधल्या तुकड्यांना माहीत असते. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनची विद्यार्थी शाखा आणि दरवर्षी भरणारी भारतीय औषधनिर्माण परिषद इथे उद्योगातली माणसे प्रत्यक्ष भेटतात. मुंबईतल्या महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचे औषध माहिती केंद्र आणि उजळणी वर्ग हेही दुकानदारीकडे जाणाऱ्यांना उपयोगाचे आहेत. लहान गावच्या महाविद्यालयात एखादा प्राध्यापक जरी वर्षातून दोनदा मुलांना जवळच्या एमआयडीसीत घेऊन गेला, तरी तिथल्या फलकावरच्या प्लेसमेंट विभागापेक्षा जास्त काम होते.

फसवणुकीचे प्रकार आता ठरीव झाले आहेत. मोठ्या कंपनीच्या नावाने पत्र येते, मुलाखत फोनवरच संपते, आणि गणवेश, वैद्यकीय तपासणी किंवा सुरक्षा ठेव म्हणून काही हजार मागितले जातात. औषध कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पत्र आले की त्यावरचा ईमेल कंपनीच्या अधिकृत नावाचा आहे का ते पाहावे, आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला स्वतः फोन करून खात्री करावी. खऱ्या नियुक्तिपत्रातही तीन गोष्टी वाचाव्यात: पद नेमके कोणत्या विभागातले, परिवीक्षा किती महिन्यांची, आणि किती वर्षांचा बाँड. काही कंपन्या मूळ गुणपत्रके ठेवून घेतात. त्यांना साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद आणि फार्मसी कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र आपल्याकडेच ठेवावे.